आपले ओझे, आपला खांदा

पनवेल हे मुक्कामाचे गाव कमी आणि वाटेवरचे गाव अधिक. कोकणात जाणारा, पुण्याकडे जाणारा, गोव्याला जाणारा, जो तो आमच्या गावावरून पुढे जातो. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ येथूनच सुरू होतो. कोकण रेल्वेच्या गाड्या येथे थांबतात. १९९८ साली हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तोही पनवेल तालुक्यातच. तेव्हा माणसे घराबाहेर पडताना काय काय बरोबर घेतात हे पाहायचे असेल, तर पनवेलच्या एस.टी. स्थानकासारखी दुसरी जागा नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी चाकरमान्यांच्या पिशव्या, पेट्या, सजावटीचे सामान यांनी फलाट भरून जातो. तीच माणसे परत येतात तेव्हा पिशव्यांत गावचे तांदूळ, कोकमे आणि नारळ असतात. या ओझ्याला अर्थ आहे. पण शनिवारी सकाळी एक दिवसाच्या सहलीला निघालेला एखादा गट पाहावा. चौघांच्या पाठीवर चार भरगच्च पिशव्या, हातात आणखी दोन, वर गाणी लावायला एक मोठा कर्णा. संध्याकाळी हीच मंडळी परततात तेव्हा निम्म्या पिशव्या उघडलेल्याही नसतात. ज्या वस्तूची खरी गरज पडली, ती मात्र नेमकी घरी राहिलेली असते.

माझ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींना शनिवार-रविवारी कोठेतरी जावे असे वाटते. पण जायचे कोठे, न्यायचे काय आणि घरी सांगायचे काय, या तीन प्रश्नांशी बेत अडतो. त्या तिन्ही प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे. सुरुवात मी ओझ्यापासून करते, कारण सहल सुखाची होणार की कष्टाची, हे पुष्कळदा पिशवी भरतानाच ठरून जाते.

ओझ्याचे दोन प्रकार

आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर पायी उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते आणि दक्षिणा मिळवून ते फेडावे असा हेतू होता. पुढे ते बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले आणि मिळवलेले द्रव्य लुटले गेले. तरीही परत येताना त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावरून घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. एवढा मोठा प्रवास करून त्या माणसाने घरी काय आणले, तर पाणी. पण ते ओझे त्यांना जड झाले नसावे, कारण ते कोणासाठी वाहावयाचे हे त्यांना ठाऊक होते.

सांगावयाचे तात्पर्य, ओझे दोन प्रकारचे असते. एक गरजेचे आणि दुसरे भीतीचे. ‘लागलेच तर असू द्यावे’ म्हणून जे आपण पिशवीत कोंबतो, ते भीतीचे ओझे. एका दिवसासाठी कपड्यांचे तीन जोड, मोठी साबणपेटी, उशी, खाऊचे डझनभर पुडे ही सारी भीतीची लक्षणे आहेत. पाणी, औषध, विजेरी, कोरडा कपडा हे गरजेचे ओझे. पहिले कमी केल्याशिवाय दुसऱ्याला जागा होत नाही.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझे वडील वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहेत. महाराष्ट्रात हमाल आणि अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. ‘माथाडी’ या शब्दातच माथा आहे. डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. आमच्या घरी सहल हा शब्द नव्हता. प्रवास म्हणजे वर्षातून एकदा सातारा जिल्ह्यातल्या गावी जत्रेला जाणे, नाहीतर कोणाचे लग्न, नाहीतर कोणाचे आजारपण. मी महाविद्यालयात आल्यावर पहिल्यांदा सहलीचे नाव काढले तेव्हा वडिलांनी विचारले, “तिथं आपलं कोण हाय?” कोणीच नाही, नुसते पाहायला जायचे, हे त्यांना पटवायला मला दोन दिवस लागले. पटल्यावर मात्र त्यांनी माझी पिशवी स्वतः रिकामी केली आणि पुन्हा भरून दाखविली. पन्नास किलोचे पोते रोज उचलणाऱ्या माणसाने तीन किलोची पिशवी भरण्याला अर्धा तास दिला. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या अर्ध्या तासातले आहे.

पिशवी कशी भरावी

पहिली गोष्ट, पिशवी एकच असावी आणि ती पाठीवरची असावी. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. डोंगर चढताना, बसची दांडी धरताना, घसरताना आधार घ्यायला हात लागतात. एका खांद्यावर लटकणारी पिशवी शरीर एका बाजूला ओढते आणि तासाभरात मान आखडते.

दुसरी गोष्ट, जड वस्तू पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या मधोमध येईल अशी ठेवावी. वडिलांचे शब्द असे, “वजन पाठीला चिकटलं पायजे. लोंबकाळलं की त्याचं दुप्पट होतं.” यामागचे कारण सोपे आहे. वजन पाठीपासून जितके दूर, तितके ते आपल्याला मागे खेचते आणि तोल सांभाळण्यासाठी आपल्याला पुढे वाकावे लागते. म्हणून पाण्याची बाटली पाठीकडच्या बाजूला, हलके कपडे तळाला आणि बाहेरच्या बाजूला ठेवावे. पट्टे आवळून घ्यावेत. पिशवी कमरेखाली लोंबू देऊ नये.

तिसरी गोष्ट, जे आधी लागणार ते वर. पावसाची टोपी किंवा डगला, विजेरी, औषधाची पुडी यांच्यासाठी सगळी पिशवी उपसावी लागली तर ती भरण्यात चूक झाली असे समजावे.

चौथी गोष्ट कपड्यांची. पूर्वी लोक अंथरुणाची वळकटी बांधीत. कपड्यांचीही तशीच घट्ट वळकटी करावी. घड्या घालून रचलेल्या कपड्यांच्या कोपऱ्यांत जागा वाया जाते, वळकट्या मात्र हव्या त्या फटीत बसतात. एक दिवसासाठी अंगावरच्या कपड्यांखेरीज एक सदरा आणि मोज्यांचा एक जोड पुरे. पावसाळ्यात जाड सुती पँट टाळावी. ती पाणी पिऊन जड होते आणि दिवसभर वाळत नाही. सर्व कपडे आधी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच पाठपिशवीत ठेवावेत. वरून घातलेले आवरण पाठीकडून भिजतेच. आतली पिशवी भिजत नाही. सहलीसाठी नवे बूट घालून निघू नये. चार दिवस ते घरी, बाजारात घालून पायाला ओळखीचे करावेत.

पाचवी गोष्ट पाण्याची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तरीही चढाईच्या दिवशी माणशी दोन लिटरपेक्षा कमी पाणी नेऊ नये, आणि उन्हाळ्यात तीन. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले हे लक्षात येत नाही. डोके दुखू लागणे, पोटऱ्यांत गोळे येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट प्यावे. साखर आणि मीठ यांच्या मोजून बांधलेल्या दोन पुड्या घरूनच न्याव्यात. वजन नाममात्र, उपयोग मोठा.

बाकीची यादी छोटी आहे. विजेरी, शिटी, चिकटपट्टी आणि कापूस, नेहमीची औषधे, सुटे पैसे, एक पंचा, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. मुलींनी पाळीच्या दिवसांची तयारी, तारीख असो वा नसो, ठेवावी आणि वापरलेले कागदात गुंडाळून परत आणण्याचीही सोय करावी, कारण डोंगरावर स्वच्छतागृह मिळेलच असे नाही. मोबाईलवर सारी भिस्त ठेवू नये. डोंगरात तो सतत लहरी शोधत राहतो आणि त्यातच त्याची बॅटरी संपते. लागेल तेव्हाच सुरू करावा. घरचे दोन क्रमांक आणि तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा.

शिदोरी

आपल्याकडे शिदोरीचे शास्त्र फार जुने आहे आणि ते आयांना, आज्यांना ठाऊक आहे. मूळ नियम एकच, ओल असेल तेथे नासाडी लवकर. रस्सा, ओला नारळ घातलेली भाजी, दहीभात हे पदार्थ दमट हवेत दुपारपर्यंत आंबतात. उलट दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, चिवडा, लाडू हे टिकतात. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, त्यामुळे ती मऊ राहते. भाकरी किंवा पोळी गरम असताना डब्यात कोंबू नये. वाफ कोंडली की पाणी सुटते. पूर्ण निवू द्यावी आणि सुती फडक्यात बांधावी. फडके हलके असते आणि खाऊन झाल्यावर त्याची घडी खिशात जाते. स्टीलचा रिकामा डबा मात्र परतीच्या वाटेवर तेवढाच जड आणि तेवढीच जागा अडविणारा.

पण दोन्ही वेळचे जेवण घरून नेण्याचा अट्टहास करू नये. एक वेळची शिदोरी न्यावी आणि एक वेळ जेथे जाऊ तेथल्या माणसांच्या हातचे खावे. याचे कारण पुढे येईल.

पनवेलहून कोठे जावे

अर्ध्या दिवसासाठी कर्नाळा. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या एस.टी.ने अर्ध्या तासात पोहोचता येते. सुमारे बारा चौरस किलोमीटरचे हे पक्षी अभयारण्य १९६८ सालचे. वर कर्नाळा किल्ला आणि त्याचा अंगठ्यासारखा सुळका. पक्षी पाहायचे तर पहाटे जावे आणि हळू बोलावे. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी आहेत, म्हणून वर अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, गाणी वाजवू नयेत. वाटेवरच शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी तेथे झाला आणि त्यांचे आजोबा कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. सकाळी किल्ला आणि उतरल्यावर शिरढोण, असा बेत केला तर इतिहासाचा एक धडा पायांनी वाचल्यासारखा होतो.

पूर्ण दिवसासाठी प्रबळमाची. ठाकूरवाडीपर्यंत वाहनाने आणि तेथून दीड-दोन तासांची चढण. माचीवर वस्ती आहे आणि तेथल्या घरांत जेवणाची सोय होते. वर एका बाजूला प्रबळगड, दुसऱ्या बाजूला कातळात पायऱ्या कोरलेला कलावंतीणीचा सुळका. पहिल्यांदा जाणाऱ्याने माचीपर्यंतच जावे. सुळक्याच्या पायऱ्या उंच आहेत, बाजूला कठडा नाही आणि ओल्या कातळावर शेवाळ धरते. ठाकूरवाडीहून परतीची गाडी किती वाजता, हे सकाळी उतरतानाच विचारून घ्यावे आणि त्यावरून मागे मोजत दिवस आखावा.

समुद्र पाहावयाचा असेल तर अलिबाग. पेण-वडखळमार्गे एस.टी. जाते. तेथला कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे आणि ओहोटीला पायी जाता येते. पण नेमकी ओहोटी केव्हा? किनाऱ्यावरची माणसे यासाठी एक आडाखा वापरतात. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी पावणेदहाच्या सुमारास, ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते, हे त्या आडाख्याचे रहस्य. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती-ओहोटी असते, पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी पुरेसे उतरत नाही. आडाखा बेत ठरविण्यासाठी वापरावा. पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी मात्र त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावे. ओहोटीच्या आधी जावे आणि पाणी वळताच परत फिरावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे असेल तर पाली. अष्टविनायकांपैकी दोन, पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक, आपल्या रायगड जिल्ह्यातच आहेत. पालीजवळ उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे आहेत आणि ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांच्यासाठी गावाला लागूनच सरसगड. ज्या घरात सहल या शब्दाला अजून दार उघडलेले नाही, तेथे देवदर्शन हा शब्द आधी आत जातो, हे मी अनुभवाने सांगते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट लागते. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून कोठेतरी जायचे म्हटले ते या निम्म्या तिकिटामुळे.

पावसाळ्याविषयी

आमच्या भागातील डोंगर पावसाळ्यात सर्वांत सुंदर दिसतात आणि तेव्हाच सर्वांत धोक्याचे असतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. ती माणसे सहलीला आलेली नव्हती, आपापल्या घरांत झोपलेली होती. ज्यांना डोंगराची जन्माची ओळख, त्यांनाही डोंगराने सांगितले नाही, मग एक दिवसाच्या पाहुण्याने किती विश्वास ठेवावा?

धबधब्याचे तसेच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. खारघरच्या पांडवकड्यावरही बुडून मृत्यू झाले आहेत आणि पावसाळ्यात तेथे प्रवेशबंदीचे आदेश निघतात. लोकांना वाटते, आपण उभे आहोत तेथे पाऊस थांबला आहे, आता भीती नाही. पण पाणी येते ते वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, काड्या-पाने वाहत येणे, आवाज वाढणे, यातले एकही चिन्ह दिसताच सामान उचलण्यासाठीही न थांबता वर निघावे. बंदीचा फलक असेल तेथे तर हा विचारसुद्धा करू नये, दुसरीकडे जावे. कर्नाळ्याच्या पायथ्याचे जंगल पावसात पाहण्यासारखे असते आणि त्यासाठी जीव धोक्यात घालावा लागत नाही.

घरी काय सांगावे

मुलींच्या सहलीचा बेत बहुधा तिकिटावाचून अडत नाही, परवानगीवाचून अडतो. आईवडिलांचा राग धरण्यात अर्थ नाही. ज्यांनी नुसते पाहण्यासाठी कधी घर सोडले नाही, त्यांना त्या वाटेवरचे काहीच माहीत नसते आणि माहीत नसलेल्या गोष्टीची भीती मोठी असते. मी एक कागद करते. त्यावर कोणकोण येणार, त्यांच्या घरचे दूरध्वनी, जाण्याची गाडी, परतीची गाडी, ती चुकली तर त्यानंतरची गाडी आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला विचारावे’ इतके लिहून तो कागद घरी ठेवते. वडिलांना वाचता येते, आईला अक्षरे लावून लावून. तरी तिने तो कागद देवघराजवळ खोचून ठेवला होता आणि सहाच्या गाडीची वेळ तिला पाठ होती. परवानगी मिळविण्यासाठी केलेला हा कागद सहलीचा सर्वांत उपयोगी भाग ठरतो, कारण तो लिहिताना आपल्यालाच कळते की आपण कशाची चौकशी केलेली नाही.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

दोन दिवस असतील तर माथेरान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ही जागा इंग्रजांच्या नजरेस आणली. १९०७ साली, म्हणजे गोडसेभटजींचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे सुरू झाली. तिचे रूळ अवघे दोन फूट रुंदीचे. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. आमच्या बाजूने, धोदाणीहून सनसेट पॉईंटला चढणारी पायवाटही आहे. पायथ्याची माणसे कामासाठी तिने वर जातात.

माथेरानात खासगी मोटारगाड्यांना बंदी आहे. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. येथे पिशवीचा हिशेब उघडा पडतो. ज्याने मोजके आणले तो लाल मातीच्या वाटेने झाडांच्या सावलीतून चालत निघतो आणि त्याचे माथेरान तेथेच सुरू होते. ज्याने घर उचलून आणले तो हमाल शोधतो. इंग्रजांच्या काळापासून येथे माणसे हाताने रिक्षा ओढीत आली. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय करण्याचा आदेश दिला.

हे वाचून मी वडिलांना म्हटले की लोकांनी एवढे सामान आणूच नये. ते हसले आणि म्हणाले, “समद्यांनी आपापलं उचललं तर हमालानं खायचं काय?” या प्रश्नाने मी काही दिवस गप्प होते. ओझे हलके करा, हा उपदेश सोपा. पण ज्याची भाकरी ओझ्यावर आहे त्याला तो कसा वाटेल?

विचार करता मला एवढे सुचते. घरून आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यांनी आणि शीतपेयांच्या बाटल्यांनी भरलेली पिशवी जेव्हा डोंगरावर जाते, तेव्हा तेथल्या माणसाच्या वाट्याला फक्त तिचे वजन येते आणि मागे कचरा राहतो. पिशवी हलकी ठेवली आणि तोच पैसा माचीवरच्या घरात पिठले-भाकरीसाठी, वाट दाखविणाऱ्या मुलासाठी, करवंदांच्या द्रोणासाठी दिला, तर तेथल्या माणसाच्या डोक्यावर ओझे न चढता त्याच्या हातात पैसा पडतो. शिदोरी एकाच वेळची न्यावी असे मी वर म्हटले ते यासाठी. आणि वयामुळे, आजारामुळे ओझे उचलवत नसेल तर हमाल अवश्य करावा. पण त्याने सांगितलेल्या दरात घासाघीस करू नये, एका माणसाला पेलेल एवढेच त्याला द्यावे आणि चढणीवर त्याने दम घेतला तर घड्याळ पाहू नये.

असो. शेवटी एक परीक्षा सांगते, ती निघण्याच्या आदल्या रात्री घ्यावयाची. भरलेली पिशवी पाठीवर घ्यावी, इमारतीचा जिना दोनदा चढावा आणि उतरावा. दुसऱ्यांदा वर आल्यावर पिशवी उघडावी आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारावे, हिच्यासाठी मी हा जिना तिसऱ्यांदा चढेन काय? पाण्याची बाटली आत जाईल, औषध जाईल, आईने बांधून दिलेली दशमी नक्कीच जाईल. जे बाहेर राहील ते कपाटात ठेवून निश्चिंत झोपावे. पहाटेची पहिली गाडी गाठायची असते.